वाढ कोणाची? : करवाढीच्या तारणावर शहराचा पुनर्विकास

आपल्या नियतकालिकांतून दलित साहित्याच्या प्रेरणांची, आत्मकथनांची, नव्या कवितेची चर्चा पुष्कळ झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु ज्या वस्त्यांतून हे साहित्य आले, त्या वस्त्यांचे अर्थकारण कोणत्या कायद्याने आणि कोणत्या हिशेबाने चालते याची चर्चा त्या मानाने फार थोडी झाली. अर्थकारण रुक्ष असते, ते तज्ज्ञांचे काम, अशी आपली समजूत करून देण्यात आली आहे. वस्तुतः बाबासाहेबांच्या संशोधनाची सुरुवातच सार्वजनिक वित्तव्यवहाराच्या अभ्यासाने झाली. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याला कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. कोणता महसूल कोणाच्या नावे बांधून दिला, आणि प्रांतांची अंदाजपत्रके वेगळी दिसू लागली तरी खरा अधिकार कोणाच्या हाती राहिला, याची कसून तपासणी त्या ग्रंथात आहे. या लेखात मी जी पद्धत समजावून सांगणार आहे, तिलाही हाच प्रश्न विचारावा लागतो.

ही पद्धत अमेरिकेत जन्मली व तेथेच वाढली. तिचे नाव 'टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग'. तिकडे तिला थोडक्यात 'टिफ' म्हणतात. उद्या येणाऱ्या वाढीव घरपट्टीच्या तारणावर आज शहराच्या एखाद्या भागाच्या पुनर्विकासासाठी पैसा उभा करायचा, असा तिचा सरळ अर्थ. मी स्वतः एका महानगरपालिकेच्या करआकारणी खात्यात अनेक वर्षे नोकरी केली. आकारणीचे रजिस्टर, मागणीचे बिल आणि वसुलीचा तक्ता यांत माझी उमर गेली. त्यामुळे या पद्धतीविषयी वाचताना माझे लक्ष भव्य इमारतींच्या चित्रांकडे न जाता रजिस्टरातल्या रकान्यांकडे गेले. कोणता आकडा कोणत्या रकान्यातून उचलला आणि कोठे मांडला, एवढे पाहिले की पुष्कळ गोष्टी स्वच्छ दिसू लागतात.

यंत्र कसे चालते

प्रथम अमेरिकेतील घरपट्टीविषयी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्याकडे घरपट्टी पालिका आकारते आणि ती मुख्यतः पालिकेच्याच कामी येते. तिकडे एकाच घराच्या करबिलात अनेक संस्थांचा वाटा असतो : शाळा चालवणारे मंडळ, नगरपालिका, जिल्हा, उद्याने, ग्रंथालये. यांत शाळांचा वाटा सर्वांत मोठा. शिकागोत तो साधारणपणे निम्मा भरतो. म्हणजे तेथे घरपट्टीचा प्रश्न हा मुलांच्या शाळेचा प्रश्न असतो.

आता समजा, शहराच्या एका भागातील सर्व मालमत्तांचे मिळून मूल्य १० कोटी डॉलर आहे आणि कराचा दर २ टक्के आहे. वर्षाला २० लाख डॉलर जमतात. त्यांतले १० लाख शाळांना जातात, उरलेले १० लाख बाकीच्या संस्थांत वाटले जातात. नगरपालिका ठराव करून या भागाला 'टिफ जिल्हा' म्हणून जाहीर करते. त्या दिवशीचे १० कोटींचे मूल्य गोठवले जाते. त्याला आपण आधारमूल्य म्हणू. पुढे ठरलेल्या मुदतीपर्यंत सर्व संस्थांना या भागातून आधारमूल्यावरचाच कर मिळत राहतो. इलिनॉय राज्याच्या १९७७ च्या कायद्यात ही मुदत २३ वर्षांची आहे आणि ती वाढवूनही घेता येते.

दहा वर्षांनी त्या भागाचे मूल्य १५ कोटी झाले. कर ३० लाख जमला. त्यांतले जुने २० लाख पूर्वीप्रमाणे वाटले गेले. वरचे १० लाख मात्र शाळेकडे, उद्यानाकडे, ग्रंथालयाकडे जात नाहीत. ते एका वेगळ्या खात्यात जमा होतात. या वरच्या रकमेलाच 'इन्क्रिमेंट' म्हणजे करवाढ म्हणतात. तो पैसा मुख्यतः त्याच जिल्ह्यात खर्च करायचा असतो : जमीन घेणे, जुनी इमारत पाडणे, रस्ते व गटारे करणे, किंवा बिल्डरच्या खर्चाचा काही भाग उचलणे. पैसा जमेपर्यंत वाट पाहायची नसेल तर या भावी वाढीच्या तारणावर कर्जरोखे काढतात. कधी बिल्डर आधी आपला पैसा घालतो आणि मग वर्षानुवर्षे या खात्यातून त्याची परतफेड होते.

या योजनेचे समर्थक एक वाक्य नेहमी सांगतात : यात कोणावरही नवा कर नाही. इमारत उभी राहिली नसती तर वाढ झालीच नसती. तेव्हा वाढीतून इमारतीचा खर्च भागला तर कोणाचे काय गेले? वरवर पाहता हे बिनतोड वाटते. कायद्यातही तशी अट घातलेली असते की, या मदतीवाचून त्या भागाचा विकास झाला नसता असे नगरपालिकेने म्हटले पाहिजे. पण रजिस्टर उघडून पाहिले की दोन ठिकाणी पेन अडते.

पहिले ठिकाण हे. महागाईने जमिनीचे मूल्य काहीही न करता वाढत असते. १० कोटींच्या मालमत्तेचे मूल्य वर्षाला केवळ ३ टक्क्यांनी वाढले तरी २३ वर्षांत ते जवळजवळ २० कोटी होते. एक वीटही न रचता कर दुप्पट होतो. ही वाढ कोणत्याही बिल्डरने आणलेली नाही, पण तीसुद्धा त्या वेगळ्या खात्यात जाते. त्या मुदतीत शिक्षकांचे पगार, सरपणाचा व विजेचा खर्च, पुस्तकांच्या किमती २३ वर्षांपूर्वीच्या राहत नाहीत. गोठते ते फक्त आधारमूल्य.

दुसरे ठिकाण अधिक आडवळणाचे आहे. शिकागोत शाळामंडळ किंवा अन्य संस्था कराचा दर सांगत नाहीत. आपल्याला किती रक्कम हवी ते सांगतात. त्या रकमेला शहराच्या एकूण करपात्र मूल्याने भागले की दर निघतो. आता टिफ जिल्ह्यांतील वाढीव मूल्य या भागाकारातून वगळलेले असते. एक सोपा आकडा घेऊ. मागणी १०० आणि मूल्य १००० असेल तर दर १० टक्के. त्या १००० मधले १०० टिफच्या पेटीत बंद असले तर भागाकार ९०० ने करावा लागतो आणि दर ११ टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे शाळेची रक्कम पुष्कळ अंशी भरून निघते, पण ती भरतो शहरातला इतर प्रत्येक घरमालक, आणि घरमालकाच्या मागून भाडेकरू. नवा कर नाही हे म्हणणे शब्दशः खरे आहे. जुनाच कर इतरांवर अधिक बसतो, एवढेच.

मूळ आणि इतिहास

या पद्धतीचे मूळ समजून घेतल्यावाचून तिचा स्वभाव कळत नाही. १९४९ साली अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने गृहनिर्माण कायदा केला. शहरांतील 'बकाल' वस्त्या पाडून जमीन मोकळी करायची, त्यात येणाऱ्या तुटीचा दोन-तृतीयांश भार केंद्र उचलील, उरलेला एक-तृतीयांश स्थानिक संस्थेने उभा करावा, अशी ती योजना होती. तो एक-तृतीयांश आणायचा कोठून? कॅलिफोर्नियाने १९५२ साली त्यासाठी राज्यघटनेत दुरुस्ती करून करवाढीचा मार्ग काढला. साधे सार्वजनिक रोखे काढायचे तर तेथे मतदारांची दोन-तृतीयांश संमती लागे. करवाढीच्या रोख्यांना मतदारांपुढे जावे लागत नसे. म्हणजे जन्मतःच ही पद्धत दोन कामांसाठी होती : वस्ती हलवण्याचा खर्च भागवणे आणि मतदाराला न विचारता कर्ज काढणे.

ज्या वस्त्या हलल्या त्या कोणाच्या होत्या? सॅन फ्रान्सिस्कोतील फिलमोर हा भाग कृष्णवर्णीयांचा. जॅझ संगीताच्या बैठकींमुळे त्याला पश्चिमेचे हार्लेम म्हणत. १९५० आणि १९६० च्या दशकांत पुनर्विकास संस्थेने त्यातले मोठमोठे पट्टे जमीनदोस्त केले. हजारो कुटुंबे उठली. परत येताना प्राधान्य मिळेल अशी प्रमाणपत्रे लोकांच्या हाती देण्यात आली. बहुतेकांना परत येता आले नाही. कादंबरीकार जेम्स बाल्डविन यांनी १९६३ मधील एका दूरचित्रवाणी मुलाखतीत याच शहराविषयी बोलताना सांगितले की, नूतनीकरण या सभ्य शब्दाचा अर्थ काळ्या माणसाला हलवणे एवढाच आहे. आपल्याकडील झोपडपट्टी-निर्मूलनाच्या मोहिमा ज्यांनी भोगल्या आहेत त्यांना हा अर्थ वेगळा सांगायला नको.

केंद्राची ती योजना १९७४ साली गुंडाळली गेली. केंद्राचा पैसा आटला तसतशी राज्ये करवाढीच्या मार्गाकडे वळली. आज ॲरिझोना वगळता अमेरिकेच्या सर्व राज्यांत या पद्धतीचे कायदे आहेत. तिचा सर्वांत विस्तृत वापर ज्या शहरांनी केला त्यांत शिकागो अग्रभागी आहे. म्हणून पुढचे विवेचन मी शिकागोवरच बेतले आहे.

'बकाल' ठरवतो कोण?

टिफ जिल्हा करायचा तर तो भाग आधी 'ब्लायटेड' ठरावा लागतो. हा शब्द मूळ शेतीतला. पिकावर रोग पडतो, त्याला ब्लाइट म्हणतात. माणसांच्या वस्तीला पिकाच्या रोगाचे नाव दिले की ती उपटून टाकण्याचे समर्थन त्या नावातच तयार होते. नाव ठेवण्याच्या अधिकारात किती सत्ता असते हे आपल्याला शिकवायला नको. पिढ्यान् पिढ्या आपल्या वस्तीला गावाबाहेरचे नाव दुसऱ्यानेच दिले आहे.

शिकागोतील काळ्यांच्या वस्त्या आपोआप जीर्ण झाल्या नव्हत्या. दक्षिणेतील राज्यांतून आलेल्या लाखो काळ्या मजुरांना शहराच्या दक्षिण भागातील एका अरुंद पट्ट्यात कोंडण्यात आले. गोऱ्यांच्या वस्त्यांतील घरे काळ्यांना विकायची नाहीत असे करारच खरेदीखतात लिहिले जात. सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली असे करार न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला. त्याआधी १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवून काळ्यांच्या वस्त्यांना तांबडा रंग दिला होता. तांबडा रंग म्हणजे कर्ज देण्यास धोक्याची जागा. लोरेन हॅन्सबेरी यांचे १९५९ साली रंगभूमीवर आलेले 'अ रेझिन इन द सन' हे नाटक शिकागोतील याच कोंडीतून निघू पाहणाऱ्या एका कुटुंबाचे आहे. लेखिकेच्या वडिलांनी स्वतः अशा कराराविरुद्ध न्यायालयात लढा दिला होता. ज्या वस्तीला कर्ज नाकारले, जिच्या दुरुस्तीला पैसा मिळू दिला नाही, तीच वस्ती पुढे जीर्णतेच्या कारणाने 'बकाल' ठरली.

गंमत अशी की कायद्यातील व्याख्या हळूहळू इतकी सैल झाली की ती श्रीमंत भागांनाही लागू पडू लागली. इलिनॉयच्या कायद्यात 'बकाल' याच्या जोडीला 'जतन क्षेत्र' नावाचा दुसरा प्रकार आहे. निम्म्या इमारती ३५ वर्षांहून जुन्या असल्या आणि दिलेल्या यादीतील तीन दोष आढळले की तो भाग जतन क्षेत्र होऊ शकतो. शिकागोसारख्या जुन्या शहरात ३५ वर्षांची इमारत म्हणजे तरणीच म्हणायची. शहराने १९८४ साली पहिला टिफ जिल्हा केला तो शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागात, 'लूप'मध्ये. त्या वेळी शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरॉल्ड वॉशिंग्टन अधिकारावर होते, आणि टिफचा वापर तोवर मर्यादित होता. पुढे रिचर्ड एम. डेली यांच्या १९८९ ते २०११ या दीर्घ कारकिर्दीत जिल्ह्यांची संख्या दीडशेच्या वर गेली. २००६ साली तर बँका व वायदेबाजार असलेला ला सॅल रस्त्याचा परिसरही एका टिफ जिल्ह्यात आला. जेथे रोज अब्जावधींचे सौदे होतात त्या भागालाही सार्वजनिक मदतीची गरज आहे असे कागदोपत्री सिद्ध करता आले.

म्हणजे 'बकाल' या एकाच शिक्क्याचे दोन परिणाम झाले. गरिबाच्या वस्तीवर पडला तेव्हा माणसे उठली. धनिकाच्या भागावर पडला तेव्हा अनुदान आले.

जेथे वाढ, तेथेच पैसा

आता या पद्धतीच्या गाभ्याकडे येऊ. टिफच्या खात्यात पैसा कधी जमतो? मालमत्तेचे मूल्य वाढले तर. मूल्य कोठे वाढते? जेथे आधीच बाजाराची नजर आहे तेथे. म्हणून दोन जिल्हे एकाच कायद्याखाली, एकाच वर्षी केले तरी शहराच्या मध्यभागातील पेटी भरते आणि दक्षिणेकडील काळ्या वस्तीची पेटी रिकामी राहते. मदतीची गरज आणि मदतीचा पैसा यांचे प्रमाण येथे उलटे आहे. ज्याला गरज कमी त्याला अधिक, ज्याला अधिक त्याला कमी. हे कोणा अधिकाऱ्याच्या दुष्टपणाने होते असे नाही. अधिकारी सज्जन असला तरी यंत्राची रचनाच तसे करील. वर्णाचा उल्लेख कायद्यात कोठेही नाही. भाग मात्र आधीच वर्णाने वाटलेले आहेत, आणि यंत्र भागाप्रमाणे पैसा वाटते.

२०१३ सालचा मे महिना या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. त्या महिन्यात शिकागोच्या शाळामंडळाने पैसे नाहीत व पटसंख्या घटली या कारणांनी सुमारे ५० शाळा बंद करण्याचा ठराव केला. त्या शाळांतील बहुसंख्य मुले काळी होती. त्याच महिन्यात महापौर राम इमॅन्युएल यांनी मिशिगन सरोवराकाठच्या अधिवेशन संकुलापाशी हॉटेल आणि एका खाजगी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघासाठी क्रीडागार बांधण्याची योजना जाहीर केली. तीत टिफचे ५.५ कोटी डॉलर धरले होते. पुढे हिशेब बदलले, रक्कम इकडची तिकडे फिरली. परंतु मुलांच्या आईबापांना त्या महिन्यात जे दिसायचे ते दिसले. शाळेच्या पेटीत पैसा नव्हता आणि त्याच शहराच्या दुसऱ्या पेटीत होता.

२०१९ च्या एप्रिलमध्ये याहून मोठे पाऊल पडले. शिकागो नदीकाठी एका जुन्या पोलाद कारखान्याच्या आणि आसपासच्या जागेवर 'लिंकन यार्ड्‌स' नावाची वसाहत उभारण्यासाठी व्याजासह १३० कोटी डॉलरपर्यंतची टिफ मदत मंजूर झाली. ही जागा शहराच्या उत्तरेकडील संपन्न, बहुतांशी गोऱ्या वस्त्यांच्या मधोमध आहे. काही नागरिक संघटनांनी न्यायालयात धाव घेतली. त्यांचा मुद्दा असा की, टिफची वाटणी काळ्या व लॅटिनो वस्त्यांवर अन्याय करते. दावा टिकला नाही. वसाहतही ठरल्याप्रमाणे उभी राहिली नाही, आणि २०२५ साली तिच्या जमिनीचा मोठा भाग कर्ज देणाऱ्या बँकेच्या ताब्यात गेला.

दक्षिणेकडील एंगलवुड या काळ्या वस्तीचे उदाहरण याच्या शेजारी ठेवावे. तेथे १ कोटीहून काही अधिक डॉलरच्या टिफ मदतीने एक व्यापारी चौक उभारला गेला आणि २०१६ साली त्यात एका बड्या साखळीचे किराणा दुकान मोठ्या समारंभाने उघडले. २०२२ साली ते बंद झाले. साखळी निघून गेली. टिफने इमारत बांधून दिली, पण लोकांच्या खिशात खरेदीची शक्ती आली नाही. ज्या वस्तीत रोजगार नाही तेथे इमारतीला मदत देऊन दुकान टिकत नाही, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ लागू नये.

अर्थशास्त्रज्ञांनीही हे तपासले आहे. रिचर्ड डाय व डेव्हिड मेरिमन यांनी २००० साली शिकागो परिसरातील नगरपालिकांची तुलना प्रसिद्ध केली. ज्या नगरपालिकांनी टिफ स्वीकारले त्यांतील मालमत्तेचे मूल्य न स्वीकारणाऱ्यांपेक्षा सावकाश वाढले, असा त्यांचा निष्कर्ष होता. जिल्ह्याच्या आत दिसणारी वाढ पुष्कळदा शेजारच्या भागातून ओढून आणलेली असते. एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात गेला तर माणूस श्रीमंत होत नाही.

आणखी एक बाजू आहे. वाढ खरोखर झालीच, तर तीही गरीब रहिवाशाला सुखाची नसते. मूल्य वाढले की घरपट्टी वाढते, घरपट्टी वाढली की भाडे वाढते. ज्याच्या नावाने पुनर्विकास झाला त्याला तेथे राहणे परवडत नाही. येथे बुलडोझर लागत नाही. भाड्याची पावती पुरते.

नियम बदलले तर?

एवढे लिहिल्यावर ही पद्धत सर्वस्वी टाकाऊ आहे असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मला तसे म्हणायचे नाही. टिफच्या पैशातून शिकागोत शाळांच्या इमारतीही झाल्या आहेत, उद्याने आणि रेल्वे स्थानकेही. प्रश्न नियमांचा आहे, आणि नियम माणसांनी लढून बदलले आहेत.

कॅलिफोर्नियात १९७६ च्या कायद्याने करवाढीतील २० टक्के रक्कम अल्प व मध्यम उत्पन्न गटांच्या घरांसाठी राखून ठेवणे बंधनकारक झाले. तरीही पुनर्विकास संस्थांची भूक वाढतच गेली. राज्यात अशा सुमारे ४०० संस्था होत्या आणि मालमत्ता कराचा सुमारे १२ टक्के भाग त्या गिळत होत्या. त्यामुळे शाळांना पडणारी खोट राज्याच्या तिजोरीला भरून द्यावी लागे. अखेर २०११ साली गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्या मोडीत काढण्याचा कायदा आणला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०११ मध्ये उचलून धरला आणि १ फेब्रुवारी २०१२ रोजी त्या सर्व संस्था विसर्जित झाल्या. ज्या राज्याने ही पद्धत जन्माला घातली त्यानेच तिला मूठमाती दिली. २०१४ साली तेथे तिचा नवा प्रकार आला. त्यात शाळांच्या वाट्याला हात लावता येत नाही, आणि बाकीच्या संस्थांचा वाटा त्यांच्या संमतीनेच घ्यावा लागतो.

इलिनॉयमध्येही रेल्वेसाठी वेगळा टिफ करण्याचा कायदा झाला. त्यात शाळांचा वाटा आधी बाजूला काढून मगच उरलेल्या रकमेला हात लावता येतो. २०२२ च्या डिसेंबरमध्ये शिकागोच्या नगरसभेने याच कायद्याखाली 'रेड लाइन' ही रेल्वे दक्षिण टोकाच्या काळ्या वस्त्यांपर्यंत, ९५ व्या रस्त्यापासून १३० व्या रस्त्यापर्यंत नेण्यासाठी सुमारे ९५ कोटी डॉलरचा टिफ मंजूर केला. महत्त्वाचे हे की, ही करवाढ गोळा करायची ती शहराच्या मध्यभागापासून सुरू होणाऱ्या, तेजीतल्या पट्ट्यातून, आणि रेल्वे जाणार ती उपेक्षित टोकाला. यंत्र तेच. पण वाढ जेथे झाली तेथेच खर्च झाली पाहिजे हा नियम सोडला, आणि पैशाची दिशा फिरली. शिवाय २०२४ साली शहराने घरे व रोजगार यांसाठी १२५ कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले. मुदत संपणारे टिफ जिल्हे वाढवत न बसता संपू द्यावेत, त्यांतून सर्वसाधारण निधीत परत येणाऱ्या करातून हे कर्ज फेडावे, असा त्यामागील विचार आहे.

आपला संबंध

आता वाचक विचारील की, शिकागोच्या घरपट्टीशी आपले काय देणेघेणे? देणेघेणे आहे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २०१७ साली मूल्यवाढीतून वित्त उभारण्याचे धोरण जाहीर केले. सार्वजनिक कामामुळे जमिनीचे जे मूल्य वाढते त्यातला हिस्सा वसूल करण्याच्या अनेक पद्धती त्यात सांगितल्या आहेत आणि टिफ ही त्यांतली एक आहे. तत्त्व म्हणून यात गैर काही नाही. रस्ता लोकांच्या पैशाने झाला तर जमीनमालकाला फुकट मिळालेल्या वाढीचा हिस्सा लोकांकडे परत यावा, हे न्यायाचेच आहे. मात्र टिफमध्ये तो हिस्सा लोकांच्या सर्वसाधारण निधीत परत येत नाही. तो त्याच भागाच्या पेटीत बंद होतो. हा फरक विसरून चालणार नाही.

आपल्या शहरांत या बंद पेटीचा अर्थ काय होईल? पालिकेच्या सर्वसाधारण निधीतून पालिकेच्या शाळा, दवाखाने आणि सफाई कामगारांचे पगार चालतात. माझे वडील पालिकेत सफाई कामगार होते. त्यांच्या कायम नोकरीच्या पगारावर आम्ही भावंडे शिकलो. त्या शाळेत कोणाची मुले शिकतात आणि तो झाडू कोणाच्या हाती असतो, हे या पानांच्या वाचकांना ठाऊक आहे. वाढीचा पैसा पेटीत बंद झाला आणि सर्वसाधारण निधीला ओढ लागली, तर पहिली कात्री कोठे लागेल? कायम जागा भरल्या जाणार नाहीत, कंत्राटदार येईल. शाळेचा वर्ग बंद होईल. हे सगळे शहराच्या विकासाच्या नावाने होईल, आणि कोणावरही नवा कर नाही असेही सांगितले जाईल.

दुसरा मुद्दा आधारमूल्याचा. आपल्या झोपडपट्ट्यांतील असंख्य घरांची आकारणीच्या रजिस्टरात मालमत्ता म्हणून पुरती नोंद नसते. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. ती माफी योग्यच आहे. पण टिफचा हिशेब मांडायला बसलात तर अशा वस्तीचे आधारमूल्य जवळजवळ शून्य निघेल. मग तेथे टॉवर उभा राहिला की त्याच्या कराची जवळजवळ सगळी रक्कम 'वाढ' ठरेल, आणि ती वाढ बिल्डरने आणली असे म्हणता येईल. ज्या लोकांनी खाडी बुजवली, दलदलीत भराव टाकला, चामडे कमावले, मातीची भांडी घडवली, आणि आपल्या वावराने त्या जागेला जागा केले, त्यांची पन्नास-साठ वर्षे रजिस्टरात शून्य म्हणून बसतील. हिशेब बरोबर असेल आणि न्याय चुकलेला असेल.

म्हणून अशी योजना आपल्या शहरात येईल तेव्हा तिचा रंगीत नकाशा पाहून भारावून जाण्यापूर्वी आपल्या नगरसेवकांनी, युनियनांनी आणि वस्तीतल्या तरुण मंडळांनी काही साधे प्रश्न सभेत विचारले पाहिजेत. हा भाग बकाल आहे असे कोणी ठरवले, आणि ठरवताना तेथे राहणाऱ्यांना विचारले काय? आधारमूल्य कोणत्या वर्षाचे, आणि नोंद नसलेल्या घरांचे मूल्य त्यात कसे धरले? शाळा, दवाखाने व कामगारांचे पगार यांचा वाटा आधी बाजूला काढला आहे काय? महागाईने होणारी वाढ वगळली आहे काय? जमलेला पैसा त्याच भागात अडकणार, की जेथे गरज आहे तेथे जाणार? मुदत संपल्यावर पेटी उघडणार, की पुन्हा मुदतवाढ होणार? आणि या पेटीचा हिशेब पालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकात, सर्वांना वाचता येईल अशा मराठीत छापला जाणार काय?

या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मागावीत आणि लेखी मागावीत. माझ्या नोकरीत मी पाहिले आहे की, सभागृहातले भाषण कोणी जपून ठेवत नाही. रजिस्टरातली नोंद मात्र पुढच्या पिढीपर्यंत पोचते, आणि तिच्याच आधारे पुढच्या पिढीला घर मिळते किंवा नोटीस मिळते.